हात न लागलेली हनुवटी

नंदनवनपासून मानेवाड्यापर्यंत कोणाच्याही घरी बाळंतपण झालं की दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आधीच पुष्पलताला फोन यायचा. अठ्ठावीस वर्षं ती बाळंतिणींची अंगं रगडत होती, लोकांची लेकरं न्हाऊ घालत होती. लग्न होऊन खाप्याहून नागपुरात आली तेव्हा तिला यातलं काही येत नव्हतं. शेजारच्या एका म्हाताऱ्या दाईच्या मागं-मागं फिरून ती शिकली. पाटावर पाय लांब करून बसायचं, लेकरू पायांवर उताणं घ्यायचं, तिळाचं कोमट तेल तळव्यावर घ्यायचं, आणि मग खरं काम. डोकं गोल करायचं. नाकाचा शेंडा चिमटीत धरून वर ओढायचा. हनुवटीच्या मागं बोट घालून ती हळूहळू पुढं आणायची.

"चाळीस दिवस हाड म्हणजे ओली माती," ती बाळंतिणीला सांगायची. "एकदा वाळलं की ब्रह्मदेव आला तरी काही होत नाही."

लोकांचा यावर विश्वास होता. तिचा तर होताच.

तिला एकच पोर, भैरवी. तेवीस वर्षांची. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. रंगानं उजळ, डोळे मोठे, हसली की गालावर खळी. हनुवटी तेवढी जराशी आत होती. समोरून पाहिलं तर कळायचंही नाही, पण बाजूनं पाहिलं की ओठाखाली चेहरा घाईघाईत संपल्यासारखा वाटायचा.

याचं कारण पुष्पलताला पक्कं ठाऊक होतं. भैरवी झाली तेव्हा अकराव्या दिवशीच ती कामावर गेली होती. एका मोठ्या घरची सून बाळंत झाली होती. ते घर सुटलं असतं तर त्यांच्या ओळखीची पुढची चार घरं सुटली असती. सकाळपासून लोकांची लेकरं रगडून ती घरी यायची तेव्हा बोटं वळायची नाहीत. भैरवीला पुष्पलताची सासू दोन तांबे पाणी घालून पुसून ठेवायची. चाळीस दिवस असेच निघून गेले आणि माती वाळली.

ही गोष्ट तिनं मनात ठेवली असती तर बरं झालं असतं. तिनं ती घरोघरी सांगितली. स्वतःवर हसून सांगितली, बायका हसल्या, तीही हसली. सांगता सांगता मनातला काटा थोडा बोथट व्हायचा.

आता भैरवीचं साक्षगंध ठरलं होतं. मुलगा रामटेकचा, अश्विन. दोघं एकाच कंपनीच्या बसनं ये-जा करत, तिथंच जुळलं. त्याची आई प्रेमिलाबाई येऊन पोरगी पाहून, चहा-चिवडा घेऊन, हसत-खेळत गेली. साखरपुड्याची तारीख निघाली एप्रिलमधल्या एका रविवारची.

तारीख निघाली त्या दिवसापासून पुष्पलताच्या मनात एकच गोष्ट. साक्षगंधाआधी आठ दिवस पोरीचं तोंड आपल्या हातानं करायचं. साय, हळद, मसुरीचं पीठ, वरून तिळाचं तेल. जन्माच्या वेळी जे द्यायचं राहिलं ते आता द्यायचं. हाड काही बदलणार नाही, हे तिला कळत होतं. पण आपल्या पोरीच्या तोंडावरून आपला हात एकदा नीट फिरावा, आणि तिनं फिरवू द्यावा, एवढंच तिला हवं होतं.

भैरवी टाळत होती.

"पार्लरवाली येणार आहे न, आई."

"पार्लरवाली काय करते वं? वरून लिंपते. घर सारवल्यासारखं."

"सारवू दे न मग. तू कशाले कष्ट घेते?"

"लोकांच्या लेकरांसाठी घेते, तुझ्यासाठी घेतले तर मरून जाईन का?"

भैरवीनं पायात चप्पल सरकवली. डबा उचलून बससाठी निघून गेली.

साक्षगंधाला आठ दिवस राहिले असताना, शनिवारी, भैरवी संध्याकाळी घरी आली ती तोंडाला रुमाल लावून. हनुवटी आणि खालचा ओठ सुजला होता.

"काय झालं वं?" पुष्पलता स्वयंपाकघरातून धावत आली.

"दाढ. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. चार दिवसांत उतरते म्हणे."

"दाढेची सूज गालावर येते, हनुवटीवर कशी आली?"

"मले काय माहीत! खालची दाढ आहे."

बाप, रुपराव, कूलरसमोर बसून पेपर वाचत होता. एका शाळेच्या बसवर तो ड्रायव्हर होता, शनिवारी लवकर सुटायचा. त्यानं दाढी खाजवत पेपरावरून पाहिलं. "मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर, बेटा," म्हणाला, आणि पुन्हा पेपरात गेला.

रविवारी दुपारी जेवणं झाली. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. भैरवीचं डोकं दुखत होतं. ती आपणहून आईजवळ येऊन बसली.

"थोडं तेल घालून दे न डोक्यात."

पुष्पलताला वाटलं, आपल्याला कोणी बक्षीस दिलं. तिनं तेल कोमट केलं, पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटं केसांतून फिरवू लागली. कूलरचा घरघराट चालू होता. थोड्या वेळानं भैरवीचा श्वास जड झाला. आठवडाभर पहाटे सहाची बस पकडणारी पोर, तेल पडताच झोपली.

पुष्पलताची बोटं केसांतून कपाळावर आली. कपाळावरून कानशिलावर. बोटांना वाट पाठ होती, तिला विचारावं लागत नव्हतं. गालांवरून ती खाली उतरली आणि हनुवटीशी थांबली. आत काहीतरी होतं. सूज मऊ असते, दाबली की खड्डा पडतो. हे तसं नव्हतं. हाडाच्या पुढं, कातडीखाली, चिंचोक्याएवढी घट्ट गाठ.

ती घाबरली. दाढेचा पू इथं उतरला असं तिला वाटलं. अशा गाठी तिनं कितीतरी पाहिल्या होत्या. दूध साचलेल्या छातीत पाहिल्या होत्या, बाळंतिणीच्या मांडीत पाहिल्या होत्या. गाठीवर एकच इलाज. तेल, ऊब, आणि अंगठ्यानं दाबत-दाबत बाजूला पसरवायची, म्हणजे जिरते. तिनं दोन्ही अंगठे लावले. हळूच, मग थोडा जोर देऊन. गाठ सरकली. तिला बरं वाटलं. तिनं आणखी दाबली.

भैरवी किंचाळून उठली.

"काय करून राहिली? आई! काय केलं तू हे?"

"गाठ होती बाई, जिरवून राहिली होती..."

भैरवी आरशाकडं धावली. डावीकडं हनुवटी सपाट झाली होती आणि उजवीकडं एक उंचवटा आला होता, कोणी तोंडात सुपारी धरावी तसा. ती आरशासमोर उभी राहून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली. रुपराव आतल्या खोलीतून आला. "अवं, काय झालं? कोण पडलं?" तो म्हणत राहिला.

मग सगळं बाहेर आलं. दाढ दुखतच नव्हती. भैरवीनं धरमपेठेतल्या एका क्लिनिकमध्ये हनुवटीत फिलर भरून घेतलं होतं. फिलर म्हणजे जेलसारखं काहीतरी असतं, सुईनं आत घालतात, हाड पुढं आल्यासारखं दिसतं. वर्ष-दीड वर्ष राहतं, मग विरतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, थोडी सूज येईल, चार दिवसांत जाईल, पण पंधरा दिवस तिथं कोणाचा हात लागता कामा नये.

"मले सांगायचं होतं न," पुष्पलता म्हणाली. तिचे हात तेलानं चकाकत होते. ते कुठं ठेवावेत हे तिला कळेना.

"तुले? तुले कसं सांगू?"

"काहून केलं वं असं? अश्विन काही बोलला? त्याच्या मायनं काही म्हटलं?"

भैरवीनं डोळे पुसले. "कोणी काही नाही म्हटलं," ती म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

सोमवारी दोघी क्लिनिकमध्ये गेल्या. डॉक्टर मिनल तिशीची होती, गोड बोलणारी. तिनं हातमोजे घालून भैरवीची हनुवटी सगळीकडून पाहिली.

"कोणी दाबलं हे? इतका जोर? मशीननं केल्यासारखं सरकलं आहे."

"माझ्या आईनं," भैरवी म्हणाली. "ती मालिश करते. बाळांची."

डॉक्टर हसली. "मग बरोबर आहे. हात पक्का आहे मावशींचा." मग भैरवीला म्हणाली, "हे आता सरळ होणार नाही. मी विरघळवायचं इंजेक्शन देते. एक-दोन दिवसांत तुझी पहिलेची हनुवटी परत येईल. पुन्हा भरायचं असेल तर दोन-तीन आठवड्यांनंतर."

"रविवारी साक्षगंध आहे, मॅडम."

"मग रविवारी जशी होती तशी जा. चांगली तर दिसते तू."

पुष्पलता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "मॅडम, चूक माझी आहे. आजची नाही, जुनी. ही झाली तेव्हा मी हिले चाळीस दिवस हात नाही लावला. तेव्हा दाबली असती तर आज ही पाळीच आली नसती."

डॉक्टरनं मान वर केली. तिला वाटलं आपण धीर देतो आहोत, आणि तिनं खरोखर धीर देण्यासाठीच सांगितलं. "नाही हो मावशी, मनाला लावून घेऊ नका. मालिशनं हाड बदलत नाही. नाक नाही, हनुवटी नाही. हे आईवडिलांकडून येतं. तुम्ही रोज दाबलं असतं तरी ही अशीच असती."

"काहीच होत नाही?"

"काहीच नाही. अंगाला बरं वाटतं, झोप लागते. चेहरा काही घडत नाही."

पुष्पलतानं मान हलवली. तेवीस वर्षांचा दोष त्या बाईनं एका वाक्यात पुसून टाकला, आणि त्याच वाक्यात अठ्ठावीस वर्षांचं काम. नंदनवनातली, अयोध्यानगरातली, मानेवाड्यातली सगळी सरळ नाकं, सगळी गोल डोकी तिच्या डोळ्यांसमोरून गेली. ती सगळी आपोआप तशी झाली होती. तिचा त्यात काही भाग नव्हता. लोकांनी बारशात साड्या दिल्या होत्या, तिनं घेतल्या होत्या.

घरी आल्यावर ती ओट्याशी न जाता सरळ रुपरावसमोर जाऊन उभी राहिली.

"दाढी वर करा जरा."

"हं?"

"दाढी वर करा म्हणते. हनुवटी पाहू द्या."

"बाई वेडी झाली काय गा!" रुपराव भिंतीवरच्या देवाला उद्देशून बोलला. पण बायकोचं तोंड पाहून त्यानं मान वर केली. पुष्पलतानं त्या दाट करड्या दाढीत बोटं घातली आणि चाचपलं. केसांखाली हनुवटी नव्हतीच जवळजवळ. ओठाखालून सरळ गळाच.

"कवापासून ठेवली तुम्ही ही दाढी?"

"मिसरूड फुटली तवापासून. लग्नाच्या फोटोत नाही का."

"काहून ठेवली?"

रुपरावनं नजर चुकवली. "पोरं चिडवत होती शाळेत. बिनहनुवटीचा म्हणून. मग वाढवली. त्यात काय?"

पुष्पलताला हसू फुटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिची छाती मोकळी झाली. ती तशीच हसत भैरवीच्या खोलीच्या दारात गेली. भैरवी पलंगावर बसून हनुवटीला बर्फ लावत होती.

"ऐकलं का वं? बापाची आहे तुझी हनुवटी! बापानं केसांत लपवून ठेवली अन् नाव माझं झालं. माझी काही चूक नव्हती. डॉक्टरच म्हणाली न, माझी काही चूकच नव्हती!"

तिला वाटलं पोरही हसेल. भैरवीनं बर्फ खाली ठेवला.

"मग इतकी वर्षं काहून सांगत होती?"

"काय?"

"मले घेऊन जायची तू कामावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत, घरी कोणी नाही म्हणून. मी पाच-सहा वर्षांची. बाळंतिणीसमोर मले उभी करायची, इथं बोट लावून माझं तोंड बाजूनं वळवायची अन् म्हणायची, पाहा, हात नाही लागला की असं होते. अन् मग त्यांचं लेकरू घ्यायची पायावर."

"मी तर हसून सांगत होती, बाई..."

"सगळेच हसत होते. ती मानेवाड्याची काकू म्हणाली होती, अरे बापरे, मग आमच्या पिंट्याले दोन महिने करा. तुले काम भेटलं न त्या दिवशी? मले बिस्कीट भेटलं." भैरवीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर पुष्पलताला सोपं गेलं असतं. "काल तू विचारलं न, कोण म्हटलं म्हणून. अश्विननं नाही म्हटलं. त्याच्या मायनं नाही म्हटलं. शाळेत कोणी नाही, कॉलेजात कोणी नाही. जगात एकाच माणसानं म्हटलं का माझी हनुवटी खराब आहे. तूच."

पुष्पलता दारात उभी राहिली. तिला बोलायचं होतं की ते पोट भरण्यासाठी होतं, की त्यात दुःख होतं, की आई आपल्याच पोरीबद्दल वाईट कसं बोलेल. यातलं सगळं खरं होतं, पण एकही शब्द कामाचा नव्हता. ती स्वयंपाकघरात गेली आणि कणीक मळत बसली. गरजेपेक्षा दुप्पट मळली.

रविवारी साक्षगंध झालं. पार्लरवालीनं सकाळी खोलीचं दार आतून लावून घेतलं. पुष्पलता बाहेर साय-हळदीची वाटी घेऊन दहा मिनिटं उभी होती. मग पाहुणे आले म्हणून वाटी फ्रिजमध्ये ठेवून ती पाणी द्यायला गेली. हनुवटीवर सुईचा हिरवा डाग होता, तो पावडरखाली दिसला नाही. अश्विननं अंगठी घालताना भैरवीकडं असं पाहिलं की रुपरावला खोकला आला.

जेवणानंतर प्रेमिलाबाई पुष्पलताजवळ सरकून बसल्या.

"विहीणबाई, माझी मोठी लेक बाळंतपणाले येऊन राहिली जूनमध्ये. आता दुसरी बाई कशाले पाहू? तुम्हीच या. आमच्याकडे सगळ्यायचं नाक बसकं. तुमच्या हातानं सरळ होते म्हणतात, खरं का?"

उत्तर पुष्पलताच्या जिभेवर तयार होतं. अठ्ठावीस वर्षांत ते कधी शोधावं लागलं नव्हतं. समोरच्या खुर्चीवर भैरवी बसली होती. ती अश्विनच्या बहिणीशी बोलत होती, पण बोलता बोलता थांबली होती.

"येईन न," पुष्पलता म्हणाली. "न्हाऊ घालून देईन."

"अन् नाक?"

"नाकाचं काही नाही सांगता येत, बाई."

प्रेमिलाबाईंचा चेहरा थोडा पडला. "मग लोक उगीच म्हणतात," त्या म्हणाल्या आणि सुपारीची ताटली पुढं ओढली. भैरवी पुन्हा बोलू लागली होती.

तीन आठवड्यांनी भैरवीनं क्लिनिकची तारीख घेतली. या वेळी सांगून घेतली.

"अश्विनले पसंत आहे तू, त्याच्या घरच्यायले पसंत आहे. आता कोणासाठी करते वं?"

"मले पसंत नाही न मी."

"मी येते संगं," पुष्पलता म्हणाली.

"ये. पण बाहेर बसजो."

ती बाहेर बसली. तासाभरानं भैरवी बाहेर आली. दोघी जिना उतरून स्कूटीपाशी गेल्या. दुपारचे बारा वाजत होते, डांबर मऊ झालं होतं. भैरवीनं गाडीच्या आरशात पाहिलं, मान डावीकडं केली, उजवीकडं केली. मग आईकडं वळली.

"कशी दिसते?"

चांगली दिसत होती. खरोखरच. चेहरा पूर्ण झाल्यासारखा दिसत होता. एवढंसं काहीतरी, पण ओठ, नाक, कपाळ सगळं आपापल्या जागी बसल्यासारखं.

"चांगली," पुष्पलता म्हणाली.

"पहिलेपेक्षा?"

हो म्हटलं तर पहिलेची वाईट होती. नाही म्हटलं तर खोटं, आणि पोरीला तिचं खोटं ओळखता येत होतं. पुष्पलतानं वर सूर्याकडं पाहिलं.

"ऊन होऊन राहिलं वं. तोंड बांध."

भैरवीच्या गळ्यात स्कार्फ होता. पुष्पलतानं तो उलगडून द्यायला, जरा सैल बांधून द्यायला, हात पुढं केला. भैरवी एक पाऊल मागं सरली. रागानं नाही. तव्यावरून हात मागं घ्यावा तशी.

"राहू दे. मी बांधते."

तिनं आरशात पाहून स्कार्फ कपाळावरून घेतला, कानांवरून घेतला, हनुवटीखाली दोन बोटं जागा ठेवून मागं गाठ मारली. डोळे तेवढे उघडे राहिले. तिनं गाडी सुरू केली.

"बस."

लॉ कॉलेज चौकात लाल दिवा होता. आजूबाजूला पोरीच पोरी, स्कूट्यांवर, साऱ्यांची तोंडं बांधलेली. कोणाचं नाक कसं, कोणाची हनुवटी कशी, काही दिसत नव्हतं. पुष्पलता एकेकीच्या डोळ्यांकडं पाहत राहिली. दिवा हिरवा झाला, गाडीला झटका बसला. तिनं सीटमागचा लोखंडी दांडा धरला. तो उन्हानं तापला होता. घर येईपर्यंत तिनं तोच धरून ठेवला.